वजाबाकी

बोस्त्यांव स्विंडनला गेला त्याला नऊ वर्षं झाली.
त्याआधी आम्ही एकाच शिडीवर,
तो वर, मी खाली पाय रोवून.
कळंगुटच्या हॉटेलांच्या मागच्या भिंतींवरचे
एसीचे डबे उतरवायचे.
खाऱ्या वाऱ्यानं पत्र्याचं बिस्कीट झालेलं,
आत मुंग्या, कधी पाल,
एकदा कुणाची तरी कवळी
(कशी गेली, अजून कळलेलं नाही).

आता तो तिथं बॉयलर दुरुस्त करतो,
तिसऱ्याच देशाच्या पासपोर्टावर.

रविवारी फोन. त्याची दुपार, माझी तिन्हीसांज.
"किती?" हा पहिला प्रश्न. तब्येत नंतर.
"दुपारी चौतीस होतं. तुझं?"
"चार."
मग तो हिशेब मांडतो, कोर्सात शिकलेला:
घरात माणसाला हवेत अठरा.
अठरातून चार गेले, चौदा.
एवढी ऊब रोज विकत आणायची,
कोपऱ्यावरच्या दुकानात कार्ड भरून,
पाव आणावेत तशी.

मी म्हणतो, माझ्या गिऱ्हाइकाला चोवीस लागतात.
चौतीसातून चोवीस, दहा.
म्हणजे चार अंशांनी तू माझ्याहून गरीब, बाबा.
तो हसतो. हसताना खोकतो.

पण घाम कुठल्या रकान्यात लिहायचा
हे त्याच्या कोर्सात नव्हतं.
माझ्या गिऱ्हाइकांच्या नळीतून रात्रीत बादली भरते,
खोलीतल्या हवेतून पिळलेलं पाणी,
बायका ते जास्वंदीला घालतात.
त्याच्याकडे रेडिएटरवर वाटीत पाणी ठेवायचं,
नाहीतर झोपेत ओठ फुटतात.

आणि दोघांच्याही घरी गंमत तीच.
माझ्याकडे पंखा, तोही तीनवरच फिरतो.
तो बॉयलर बंद करून जाकीट घालून झोपतो.
महिनाअखेर असते,
तिथं आणि इथं एकाच तारखेला.

जानेवारीत त्याचे वडील गेले, मिंगेलबाब.
आसगावला, पहाटे, पेज निवायच्या आत.
बोस्त्यांवला तिकीट मिळालं पाचव्या दिवशीचं.
तोवर म्हापशाला, शवागारात.

दुसऱ्या रात्री तिथून फोन आला
तो नातेवाईक म्हणून नव्हे, मिस्त्री म्हणून:
मशीन बसलंय, लगेच या.
शिडी घेऊन गेलो. खाली धरायला कुणी नव्हतं,
वॉचमन आत यायला तयार नव्हता.
कॅपॅसिटर फुगला होता, एवढंच.
बदलला. कॉम्प्रेसर कण्हला, मग लागला.

भिंतीवरचा आकडा उतरताना बघत बसलो.
एकवीस.
वीस.
अठराला माझंच मन अडकलं.
घरात माणसाला हवे असतात ते अठरा.
इथेच बटण दाबून थांबवावं असं
एक क्षणभर, खरंच, वाटून गेलं.
मग सतरा. मग बरेच आकडे भराभर.

त्याचाच फोन, तेवढ्यात.
"किती?"
"चार," मी म्हटलं.
"इथंही चार," तो म्हणाला.

वजाबाकी कुणी केली नाही.
लाईनवर नुसती घरघर,
त्याच्या बाजूची की माझ्या, सांगता आलं नसतं.

मग विचारलं त्यानं, अगदी हळू,
"पायात मोजे आहेत का रे त्यांच्या?"
"आहेत," म्हणालो.

सकाळी बाजार पालथा घातला.
लोकरीचे मोजे म्हटल्यावर
दुकानदार माझ्याकडे वळून वळून बघत होते.
मिळाले ते फुटबॉलचे.
हिरवे, पिवळ्या पट्ट्याचे,
गुडघ्यापर्यंत येतात.