साडेसहा

बोलण्यात आठ. लिहिण्यात साडेसहा.
नर्सच्या नोंदणीला सात लागतात.

फेरतपासणी म्हणजे अम्माच्या दोन महिन्यांच्या विड्या,
पुन्हा बसायचं तर तीन.
सूप मांडीवर घेतलेल्या तिला
हे गणित तेलुगूतच सांगितलं.

म्हणाली, चेकर छाट काढतो ना,
मूठभर, धड न बघता,
एकदा मी भांडले.
बघायला लावल्या परत.
"मग?"
"अजून दोन निघाल्या. खराब."
आणि हसली, तंबाखू उडेल इतकं.

तेवढ्यात लाइट गेली. अख्ख्या दत्तनगरातले माग
एकदम गप्प.
त्या गप्पपणात मला माझा निबंध आठवला:
शेवटचा परिच्छेद
मी गुंडाळला होता.

लाइट आली तेव्हा
अम्माच्या हातात
पुढची विडी वळून तयार.