इनटेक

वागळे इस्टेट, रोड नंबर सोळा. शटर अर्धं खाली.
हसूरामकाका फडक्यावर अकरा व्हॉल्व ओततात.
"तोंडाकडे काय बघतोस? दांडा फिरव.
डुलला तो बाद."

उरले दोन.
मला मोठा हवा होता, कुठल्याशा मोटारीचा.
काका म्हणाले, दार रुंद करशील रे,
उंबऱ्यालाच वारा अडला तर?

धाकटा लेथला लावला.
सीटच्या मागची कड तीस अंशांत उतरवली,
मानेचा फुगवटा घासला
केसभर,
थांबून, चष्मा पुसून, अजून केसभर.
मग पॉलिश पेपर. मग नुसता अंगठा.
सोनाराच्या काट्यावर तीन ग्रॅम कमी भरला.

ऐकू येत नाही त्यांना आता, ग्राइंडरनं नेलं सगळं.
हेडच्या पोर्टात पेट्रोल ओतलं
आणि खाली बोट लावून बसले,
कानामागची बिडी तशीच ठेवून.
दहा मिनिटं.
बोट कोरडं.

रविवारी चारशे मीटर:
मागच्यापेक्षा सेकंदाचे चार दशांश कमी.
फोन काकूंनी उचलला.
त्यांच्या तळहातावर आकडा लिहिला म्हणे बॉलपेननं.
बराच वेळ काहीच नाही.
मग काकू:
"विचारतायत, एक्झॉस्टचा कधी आणतोस?"