दुरुस्त करू?

माती परीक्षण केंद्र, इंदूर. रात्रीचे सव्वादोन.
डिस्क माउंट होईना. सुपरब्लॉक वाचता येईना.
बत्तीस हजार सातशे अडुसष्टाव्या ब्लॉकवरची
राखीव प्रत दाखवली,
तेव्हा कुठे एफएससीके हललं
आणि विचारत सुटलं:

या आयनोडचा आकार चुकलाय. दुरुस्त करू?
हो.
एकाच ब्लॉकवर दोघांचा दावा. दुरुस्त करू?
हो.
पहिले तीस-चाळीस मी वाचले, शपथेवर सांगतो.
मग टेबलावरची देपालपूरच्या मातीची पिशवी उचलली
आणि ठेवून दिली वायच्या कळीवर.
हो हो हो हो हो.
पाव किलो काळी माती माझ्या वतीने मान डोलवत राहिली
आणि मी चहाला सरवटे स्टँडवर गेलो.

आलो. पुन्हा चालवलं. नव्या चुका.
पुन्हा. आणखी नव्या, आणि कालपर्यंत जिथे
काहीच दुखत नव्हतं तिथे.
चौकीदार मांगीलाल दारातूनच म्हणाला,
"भिया, तारेला हात लावून पाहिला का?
रोज झाडू आपटतो तिथे."

तार. वीतभर, निळी, एका टोकाला सैल.
डिस्क खरंच बोलत होती सगळा वेळ,
शब्द वाटेत फाटत होते.
त्या फाटक्या शब्दांवरून मी
धडधाकट पानं सुधारली होती.
आधी प्रत काढायची असते, हे मी दुसऱ्यांना शिकवतो.

नवी तार. शेवटची फेरी स्वच्छ.
लॉस्ट अँड फाउंडमध्ये एकसष्ट फायली,
नाव गेलेल्या, कपाळावर नुसता आकडा.

सकाळी धनोडकरबाई आल्या.
मी तारेचं सांगितलं. पिशवीचं नाही.
चष्मा पुसून त्यांनी पहिली उघडली:
सामू आठ पूर्णांक एक, चुनखडी भरपूर, स्फुरद नावाला.
"ही हातोदची. नाल्याच्या वरच्या अंगाची."
पुढची. "सांवेर. शेणखत घालतो हा, कार्बन बघ की."
"महू. खाली मुरूम लागतो हिला."
दुपार कलेपर्यंत साठ मातींना गाव मिळालं.

एकसष्टावीत एकच रकाना भरलेला: ओलावा.
बाई बराच वेळ बघत बसल्या.
"ओळखीची नाही," म्हणाल्या. "काढून टाक."

काढून टाकू? मशीननंही विचारलं.
मी ओळ वाचली. परत वाचली.
नाही.

बाईंनी पिशवी उचलली, हातावर तोलली.
"पाव किलोला जरा कमीच आहे रे."
मी काही बोललो नाही.
वायची कळ अजून करकरते.