अर्धापुरी

अकीकाच्या खलात चार तास
बेरियम कार्बोनेट आणि टायटॅनियमचं ऑक्साइड.
दोन्ही पांढरे. कुठला कुठे संपला, डोळ्यांना कळत नाही,
मनगटाला कळतं.

आई फोनवर विचारते, हे लागतं कशाला गं?
मी म्हणते, शेगडीच्या लायटरच्या पोटात खडा असतो ना,
खटका दाबला की ठिणगी देणारा,
त्याच्या भावकीतलं.
सोनोग्राफीच्या यंत्रातही असलंच काहीतरी कान लावून बसलेलं असतं.
आई म्हणते, मग दुकानात मिळत असेल की.

ऑक्सिजनच्या पिंजऱ्यात टायटॅनियम
मधोमध बसत नाही.
केसाचे उभे कोटी भाग करा,
त्यातल्या एका भागाएवढं कलतं.
वीज लावली की बाजू बदलतं,
वीज काढली तरी तिथेच राहतं.
एकशेवीस अंशांच्या वर मात्र सगळं विसरतं.
एवढंच.
यावर माझी साडेतीन वर्षं.

मार्चच्या एका दुपारी विष्णुपुरीच्या त्या खोलीत
पडद्यावर पहिला लूप उमटला,
गुबगुबीत, टोकं गोल.
सर म्हणाले, आला! सत्यशीला, लिहायला घे.
चहा मागवला. भजीसुद्धा.

मला तो नीट बसेना.
टोक निमुळतं हवं, वर जाऊन दमायला हवं.
हा दमतच नव्हता. हा गळत होता,
आणि गळणारी वीज साठल्यासारखी दिसते,
पाझरत्या रांजणाखालची ओल
पाण्यासारखी दिसते तशी.

नागोराव झाडू टेकून मागे थांबले.
"मॅडम, केळं काढूलालाव का?"

त्यांची अर्धापूरला दीड एकर बाग.
मी हसले नाही, कारण केळंच होतं ते.
त्यांनी चकती उचलली, नखानं वाजवली.
"कच्ची हाय. घड घाईनं उतरवलं की असंच.
वरून पिवळं, आत दगड."

सरांना तीन दिवस काही बोलले नाही.
नवी चकती दाबली, भट्टी पन्नास अंश चढवली,
चार तासांचे सहा केले.
वहीत सतरा नंबरचा नमुना खोडला,
शेजारी लिहिलं, अर्धापुरी.

निवायला अख्खी रात्र लागते.
"झाकण उघडू नका," नागोराव जाता जाता म्हणाले,
"पिकायला घातलेलं कुणी सारखं बघत नसतंय."

मी उघडलं नाही.
भट्टीला पाठ करून उभी राहिले,
ओढणीतून ऊब लागेपर्यंत,
आणि मग आणखी थोडा वेळ.