सात वेढे

जळालेली मोटार उघडली की आधी वास येतो,
वार्निशचा, करपलेला.
मी कॉइल कापतो, तांबं भंगारात टाकतो
आणि सगळ्यात बारीक गेजची वीतभर तार
खिशात ठेवतो.
तिचा हिशोब कुणाला देत नाही.

शटर अर्धं ओढलं की
रिवायंडिंगच्या टेबलाला छोटा शिकंजा आवळतो,
त्यात टपालानं मागवलेला हूक.
शेजारच्या मुजीबच्या दुकानातून मानेची पिसं,
तांबड्या गावरान कोंबड्याचीच
(ब्रॉयलरचं पीस पाण्यात गेलं की चिंधी होतं),
शेळीच्या शेपटीचे काळे केस,
आणि वरातीच्या घोड्याच्या झुलीतून गळलेली
एक चंदेरी पट्टी. ती झाली खवलीच्या पिलाची कूस.
हिला माशी म्हणतात, पण ही माशी नाहीच,
लांब केसांचं एक खोटं पिलू.
खऱ्या माश्या वेगळ्या डबीत,
तांदळाएवढ्या, बुडून भिजायला बांधलेल्या.

दोरा, केस, दोरा, पीस.
मग तांबं, सात वेढे, शेपटीकडून डोक्याकडे,
अंगठ्याच्या नखानं अंतर धरून.
दिवसभर वेढे मोजतो ते पाणी वर यावं म्हणून.
रात्रीचे हे सात
खाली जाण्यासाठी.

बायको म्हणाली, मासा धरायला माशी,
हे कुठलं व्याकरण?
म्हणालो, थांब, चौथा चालू आहे.
तेवढ्यात तिला शिंक आली,
पिसं उडाली, तार सरकली.
"घ्या," म्हणाली, "शिंकली माशी."

येलदरीच्या खाली, वीजघरातून पाणी सुटलं की
पूर्णेला एक लांब जीभ फुटते.
तांदळाएवढी असेल तर
पलीकडच्या खडकाच्या जरा वर टाकायची
आणि मग काही करायचं नाही.
मला हेच जमत नाही.
धार तिला नेते, दोरा कमान घेतो,
कमान सरळ होते तिथं ती आपोआप वर उठते,
आणि नेमका तेव्हाच माझा हात खाजवतो.
पिलाचं बरं. त्याला हिसके द्यायचे,
भ्यायल्यासारखं पळवायचं, मध्येच दमवायचं.

भाद्रपदातली सांज होती.
तिसऱ्या हिसक्याला दोरा
एकदम दुसऱ्याच्या मालकीचा झाला,
लव्हाळ्यात शिरला, तुटला.
काठी हातात इतकी हलकी झाली
की मी ती दोनदा चाचपून बघितली.

पुढच्या आठवडी बाजारात
सतभामाबाई भोईणीच्या घमेल्यात मरळ होती,
कोपरापासून बोटांपर्यंत लांब.
"जाळ्यात आली," ती म्हणाली,
"पर हिच्या ओठात बघ काय हाय.
कुण्या बाईची फुली म्हनावं तर नाकात न्हाई."
तांबं काळवंडलेलं. चंदेरी पट्टी कुरतडलेली.
सात वेढे, चौथा तिरका.

मी म्हणालो, माझी आहे.
"मरळ?"
नाही. ती.
तिनं चिमटीत धरून हूक सोडवला,
लुगड्याला पुसला, उन्हात फिरवला,
सोनाराकडं मोड न्यावी तसा.
"तू बांधलास?
पोट जाड झालंय रं. खवलीचं पिलू पोटात चपटं असतंय.
ही मरळ भुकेली होती म्हनून फसली,
शहाणी असती तर हसली असती."

एकशे ऐंशी रुपये दिले मी माझ्याच मरळीचे.
माशीचे तिनं वेगळे लावले नाहीत.
घरी बायकोनं विचारलं, कशावर लागली?
म्हणालो, तुझ्या शिंकेवर.

सोमवारी बोरीच्या एकाची पाच एचपी भरताना
सातव्या वेढ्यावर हात थांबला.
"काय झालं, मिस्त्री?"
काही नाही, म्हणालो,
पोट जाड व्हायलंय.
तो आधी मोटारीकडं बघायला लागला,
मग स्वतःकडं.