अठरा मिलिमीटर

सोहारच्या या हॉस्पिटलात मला माणसं
पाठीवरून ओळखू येतात.
चेहरा विचाराल तर गोंधळ होईल,
टेबलावर सगळेच पालथे.

आज गुलजमीन. वय एकेचाळीस, ट्रेलर चालवतो,
बंदरातून सलालापर्यंत लोखंडी सळया,
बाराशे किलोमीटर, कमरेमागे घडी केलेलं ब्लँकेट.
डावा पाय चार महिने त्याचा राहिलेला नाही.
कुणी तापवलेली तार ओढतंय म्हणतो,
कुल्ल्यापासून अंगठ्यापर्यंत.
घरी स्वातला चार पाठचे भाऊ.
'पाठचे' हा शब्द त्याने वापरला नव्हता,
तो मीच मनात म्हटला
आणि फिल्म उजेडाला धरली:
चौथ्या-पाचव्याच्या मधून
जीभ काढून दाखवावी तशी बाहेर आलेली गादी.

माझ्या अंगावर शिशाचा एप्रन, सात किलो.
लिजीमोल मागून पट्टे आवळते.
सी-आर्म टुकटुकतो, पडद्यावर
करड्या मणक्यांची उतरंड,
त्यातलं एक मडकं जरासं कलंडलेलं.

सुई. मग तार. तारेवरून नळी,
नळीवरून जाड नळी, तिच्यावरून आणखी जाड.
स्नायू कापायचे नाहीत. त्यांना
जत्रेतल्या गर्दीला म्हणतात तसं म्हणायचं,
जरा सरकून घ्या हो, एकाला जाऊ द्या.
सरकतात. माणसांपेक्षा बरे सरकतात.
शेवटची नळी अठरा मिलिमीटर.
पंचवीस बैसाच्या नाण्याएवढं तोंड,
आणि त्यातून आत बघायचं.

मग बराच वेळ काहीच घडत नाही.
या कामाचं हे कुणी सांगत नाही,
की बहुतेक वेळ वाट बघण्यात जातो,
थेंबभर रक्त थांबायची, आपलाच हात निवायची.
मग पिवळा पडदा.
फणसातली पात सोडवतात तसा सोडवायचा,
गऱ्याला नख न लावता.
आणि खाली ती. नस.
लालसर, सुजलेली,
भिंतीशी रेटून धरलेल्या पोरासारखी गप्प.

तुकडा निघाला. चिमट्यात
कुर्लीच्या नांगीतलं मांस असावं तसा,
चण्याच्या डाळीएवढा.
(दाभोळच्या माणसाला दुसरं काही सुचत नाही,
माफ करा.)
एवढ्याशा डाळीने बाराशे किलोमीटर अडवले होते.
नस हलली. पुन्हा हलली.
हे दिसतं तेव्हा खोलीत कुणी बोलत नाही,
लिजीमोलसुद्धा.
दोन टाके, खजुराच्या बीएवढी चीर.

संध्याकाळी तो उभा राहिला,
भिंत धरून, मग न धरता.
कंपनीच्या कारकुनाचा फोन दोनदा येऊन गेला होता,
गाडी उभी आहे, तारीख सांगा.
मला वाटलं हाही तेच विचारणार.
त्याने विचारलं, कपाळ जमिनीला कधी टेकेल?
चार महिने खुर्चीवर बसून नमाज पढतोय,
म्हाताऱ्यांच्या रांगेत. लाज वाटते.
मी म्हटलं, सहा आठवडे.
कारकुनाला बारा सांगितले.

रात्री नऊला पार्किंगमध्ये अजून अडतीस डिग्री,
समुद्राकडून ओला, चिकट वारा,
आणि गाडीची किल्ली हातातून पडली.
एप्रन काढून दोन तास झाले होते,
खांद्यांना ते कळलेलं नव्हतं.
माझी स्वतःची फिल्म घरी कपाटात आहे,
सगळ्यात खालच्या खणात,
जिथवर मी हल्ली वाकत नाही.
किल्ली दिव्याखाली चमकत होती.
मी तिच्याकडे बघत राहिलो,
दुसऱ्या कुणाची असल्यासारखा.

झाडांना पाणी घालणारा टेकनाथ आला,
पाइप खाली ठेवला, कमरेतून दुमडला,
किल्ली उचलून माझ्या तळहातावर ठेवली
आणि पाइप घेऊन परत वळला.

पाठमोरा जाताना मी त्याला नीट पाहिलं.
सरळ आहे.
अजून.