टेबल क्रमांक नऊ

पेडणेकर आकडे वाचतात, मी लिहितो.
भांडुपच्या शाळेचा हॉल, फळ्यावर
कुणीतरी अर्धवट सोडलेलं मसाविचं गणित.

सात हजार दोनशे चार.
सात हजार एकशे त्रेसष्ट.
पाच हजार तीनशे अठरा.
दोन हजार नऊशे चाळीस.
मग किरकोळ,
मग वरीलपैकी कोणी नाही.

एक्केचाळीस मतांवर गुलाल उडाला.
बाहेर ताशा, आत मी
सवयीनं खालची बेरीज करून बसलो:
सोळा हजार सातशे शहाण्णव.
एवढी माणसं टेंभीपाड्याच्या मैदानात मावायची नाहीत
आणि फॉर्मवर त्यांना रकाना नाही.

शिक्षक मतदारसंघाच्या वेळी
मला जांभळं पेन दिलं होतं.
फुली नाही, बटण नाही,
एक, दोन, तीन असं मन उतरत्या क्रमानं मांडायचं.
पहिला पडला की माझं मत उठून
दुसऱ्याच्या दारात जाऊन उभं राहतं.
मोजायला दीड दिवस लागला.
माझा माणूस हरला,
मला मात्र मोजलं गेल्यासारखं वाटलं.

घरी आलो तर भिशी.
ललिताबाई घरत वही उघडून.
म्हटलं, समजा पैसे सगळ्यांनी भरायचे
आणि डबा दर महिन्याला एकाच घरी,
का, तर त्यांनी दहा रुपये जास्त टाकले?
"मोडेल भिशी," त्या म्हणाल्या.
मी खूश. तेच तर!
काही देशांत जितकी मतं तितका वाटा,
दहात तीन मतं, दहात तीन खुर्च्या,
मग बसून जमवून घ्यायचं, भांडत भांडत.

त्यांनी नोटा रबरात गुंडाळल्या.
"आणि सर, गल्लीतलं गटार तुंबलं
तर त्या दहातल्या कुणाची कडी वाजवू?
आज आलाय तो नालायकच,
पण राहतो कुठे ते मला माहितीये."

कुठे कुठे दोन मतं देतात,
एक माणसाला, एक पक्षाला,
हे मला आठवलं, पण तोवर चहा आला
आणि विषय पाण्याच्या टाकीवर गेला.

रात्री साबणानं हात धुतले.
उद्या नववीला शेकडेवारीची उजळणी.
पुस्तकातला दुकानदार नफ्यापासून सुरू करतो.
मी सत्तर टक्क्यांपासून करीन.